अत्याचारानंतरच्या मदतीचा सरकारी पैसा: कुठून निघतो, कुठे अडतो

लैंगिक अत्याचाराची बातमी आली की दोन-चार दिवसांत तिच्यात एक ओळ हमखास येते: पीडितेला अमुक लाखांची मदत जाहीर. वाचणाऱ्याला वाटतं, चला, सरकारने निदान पैशाची बाजू तरी सांभाळली. प्रत्यक्षात ती रक्कम हा सरकारी खर्चाचा फक्त एक तुकडा असतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात उशिरा हाती पडणारा. त्याच्या आधी दवाखाना असतो, समुपदेशन असतं, चार रात्रींचा निवारा असतो, वकील असतो. पुढे न्यायालय असतं. या प्रत्येकाचा पैसा वेगळ्या खात्याच्या खिशातून येतो, वेगळ्या नियमाने आणि वेगळ्या वेगाने. एखाद्या बाईला मदत मिळाली नाही, तर ती नेमकी कोणत्या खिशातून यायला हवी होती हे ठाऊक असलेलं बरं. नाहीतर पोलीस म्हणतात दवाखान्यात विचारा, दवाखाना म्हणतो कलेक्टर ऑफिसला जा, आणि तिथला कारकून म्हणतो की हे आमच्याकडे येतच नाही.

पहिली रात्र

सुरुवात दवाखान्यापासून करू, कारण वेळेचा सगळ्यात जास्त दबाव तिथे असतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा रोखणारी गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, पण जितकी लवकर तितकी चांगली. शरीरावरचे पुरावे तासागणिक नष्ट होत जातात. म्हणून कायद्याने इथे पैशाचा प्रश्न मधे येऊच दिलेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं की सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३५७ क म्हणून २०१३ मध्ये आलं होतं. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आधी एफआयआर घेऊन या' असं सांगून परत पाठवण्याचा अधिकार कुठल्याही डॉक्टरला नाही.

आता पैशाच्या बाजूने बघा. सरकारी रुग्णालयात हा खर्च आरोग्य खात्याच्या नेहमीच्या तरतुदीतून होतो. खासगी रुग्णालयाला मात्र हा खर्च कोण भरून देणार, याबद्दल कलमात एक शब्दही नाही. त्यामुळे कायद्याची सक्ती असूनही काही ठिकाणी 'आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या' हे उत्तर ऐकायला मिळतं. मला हे मुळीच मान्य नाही. पण नुसती शिक्षेची भीती दाखवून हा प्रश्न सुटेल असंही वाटत नाही. खर्च परत मिळण्याची साधी, ठरलेली पद्धत असती, तर नकार द्यायला निदान ते निमित्त तरी उरलं नसतं.

याच रात्रीची आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही बजेटच्या भाषणात सापडत नाही. तपासणीच्या वेळी अंगावरचे कपडे पुरावा म्हणून काढून घेतात, कागदी पाकिटात घालतात, सील करतात. मग तिने घरी काय घालून जायचं? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दुसरे कपडे द्यावेत हे लिहिलेलं आहे. लिहिलेलं असणं आणि रात्री दीड वाजता वॉर्डात सलवार-कमीजचा जोड हजर असणं यांत खूप अंतर आहे. जिथे कपड्यांसाठी आगाऊ रक्कम नसते, तिथे एखादी नर्स स्वतःच्या घरून कपडे आणते किंवा सोबत आलेली मावशी धावपळ करते. काही शे रुपयांचा खर्च, पण तो बजेटच्या कोणत्या शीर्षाखाली (कोणत्या ठरलेल्या खर्चाच्या खात्यात) टाकायचा हे ठरलेलं नसलं की होतच नाही.

रुग्णालयातच आधार केंद्र असावं ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' सुरू केलं. पुढे महापालिकेने ते आपल्या यंत्रणेत सामावून घेतलं आणि नंतर ही केंद्रं पालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोचली. याचा मोठा फायदा असा की बाईला 'अत्याचारित महिलांच्या कार्यालयात' जावं लागत नाही. ती दवाखान्यात आलेली असते, आणि तिथेच तिला बोलायला माणूस भेटतं. पगारही रुग्णालयाच्या व्यवस्थेतून निघत असेल, तर केंद्राचं आयुष्य एखाद्या देणगीदाराच्या मर्जीवर राहत नाही.

निर्भया निधी म्हणजे नेमकं काय

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी १००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. त्यात पुढे वर्षावर्षाला भर पडत गेली. आतापर्यंतची एकूण तरतूद ७००० कोटींच्या वर गेली आहे.

बऱ्याच लोकांचा समज असा की हा पैसा पीडितांना वाटण्यासाठी ठेवलेला आहे. तसं नाही. हा महिलांच्या सुरक्षेशी संबंधित प्रकल्पांना पैसा पुरवणारा निधी आहे. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ३१ मार्चला पैसे उरले तरी ते परत जात नाहीत, पुढच्या वर्षी वापरता येतात. एखाद्या मंत्रालयाने किंवा राज्याने प्रस्ताव पाठवायचा, महिला व बालविकास मंत्रालयाकडच्या अधिकारप्राप्त समितीने तो तपासायचा, मग अर्थ मंत्रालयाच्या मंजुरीने त्या-त्या मंत्रालयाच्या बजेटमध्ये रक्कम टाकायची. तिथून ती राज्याला हप्त्याने जाते. राज्याने खर्च केला की उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, आणि ते पोचलं की पुढचा हप्ता.

हे उपयोगिता प्रमाणपत्र या सगळ्या साखळीत सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. आलेला पैसा कशावर आणि किती खर्च झाला, हे खात्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं असतं. जिल्ह्याने राज्याला हिशोब उशिरा दिला, राज्याने केंद्राला उशिरा दिला, की पुढचा हप्ता थांबतो. केंद्र म्हणतं, राज्याने प्रमाणपत्रच दिलं नाही. राज्य म्हणतं, पैसेच उशिरा आले, तर खर्च कधी करणार? दोघांचंही म्हणणं कागदावर खरं असू शकतं. त्या मधल्या महिन्यांत समुपदेशिका मात्र बिनपगारी काम करत असते.

या निधीतून कशाकशाला पैसे गेले ते पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ११२ ही आपत्कालीन मदत यंत्रणा, रेल्वे स्थानकांवरचे कॅमेरे, मुंबईसह आठ शहरांतले 'सेफ सिटी' प्रकल्प, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची डीएनए तपासणीची क्षमता, पोलीस ठाण्यांतले महिला मदत कक्ष, जलदगती विशेष न्यायालयं, आणि सखी केंद्रं. यातलं काहीही वाईट नाही. पुराव्याचा डीएनए अहवाल वर्षभर रखडला तर खटला कमकुवत होतो, त्यामुळे प्रयोगशाळेवरचा खर्चही अखेर पीडितेच्याच कामी येतो. पण यांतला बराचसा खर्च वस्तूंवरचा आहे. वस्तूंवर पैसा खर्च करणं यंत्रणेला सोपं जातं: निविदा काढली, माल आला, बिल चुकतं केलं, प्रमाणपत्र पाठवलं. अत्याचारानंतरची आधारसेवा मात्र जवळजवळ पूर्णपणे माणसांची सेवा आहे. ऐकून घेणारी समुपदेशिका, सोबत पोलीस ठाण्यात जाणारी केस वर्कर, तारखेला बरोबर उभी राहणारी वकील. यांच्यावरचा खर्च एकदा करून संपत नाही, तो दर महिन्याला करावा लागतो, वर्षानुवर्षं. आपली व्यवस्था नेमकी या दर महिन्याच्या खर्चात कमी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

सखी केंद्र: चांगली योजना, कंत्राटी माणसं

एकाच छपराखाली सगळी मदत मिळावी, ही शिफारस दिल्लीच्या त्याच घटनेनंतर नेमलेल्या उषा मेहरा आयोगाने केली होती. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून वन स्टॉप सेंटर योजना सुरू झाली. 'सखी' हे तिचं प्रचलित नाव. आज देशात अशी आठशेहून जास्त केंद्रं चालू आहेत. वैद्यकीय मदत मिळवून देणं, तक्रार नोंदवायला साथ, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि साधारण पाच दिवसांपर्यंतचा निवारा, एवढं तिथे मिळायला हवं. वय, जात, लग्न झालंय की नाही, यातलं काही आड येत नाही. तक्रार द्यायची नसेल तरीही बाई तिथे जाऊ शकते.

२०२२ पासून ही योजना 'मिशन शक्ती'च्या 'संबल' या भागात आहे, १८१ या महिला हेल्पलाइनसोबत. या दोन्हींचा खर्च शंभर टक्के केंद्र सरकारचा, निर्भया निधीतून. पाच दिवसांनंतर जास्त काळ राहायची गरज पडली तर 'शक्ती सदन' आहे, पण ते 'सामर्थ्य' या दुसऱ्या भागात मोडतं आणि तिथे बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी आहे. हा फरक कोरडा वाटेल, पण त्याचा परिणाम थेट होतो. सखी केंद्रातून शक्ती सदनात जाताना बाईच्या पायाखालचा पैशाचा स्रोत बदलतो. राज्याने आपला ४० टक्के वाटा वेळेवर टाकला नाही, तर पहिल्या पाच दिवसांची सोय चोख आणि सहाव्या दिवशी प्रश्नचिन्ह, असं होऊ शकतं.

सखी केंद्राच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समितीत पोलीस, आरोग्य, विधी सेवा अशी मंडळी. केंद्र प्रशासक, केस वर्कर, समुपदेशक, सुरक्षारक्षक अशी पदं मंजूर असतात. ही पदं बहुतेक मानधनावरची, कंत्राटी. मानधन चार-चार महिने थकल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येत राहतात. आता विचार करा: एखादी मुलगी तिसऱ्या भेटीत प्रथमच नीट बोलायला लागली. चौथ्या भेटीला आली तर समुपदेशिका सोडून गेलेली, नवीन कुणी नेमलेली नाही. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार, आणि अनेक जणी पुन्हा सांगायला येतच नाहीत. सरकारी अहवालात त्या वर्षीच्या 'मदत मिळालेल्या महिलां'मध्ये तिची नोंद झालेली असते. आकडा बरोबर असतो. मदत अर्धवट राहिलेली असते.

खटला चार-पाच वर्षं चालणं आपल्याकडे नवलाचं नाही. साक्षीच्या आधीच्या आठवड्यात जुनी जखम पुन्हा उघडते, झोप जाते. तेव्हा आधाराची गरज पहिल्या आठवड्याइतकीच असते. योजनांची रचना मात्र घटनेनंतरच्या काही दिवसांभोवती केलेली आहे.

नुकसानभरपाई: जाहीर आणि जमा यांतला काळ

आता त्या 'अमुक लाखां'कडे येऊ. भरपाईचा कायदेशीर पाया जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, २००९ च्या शेवटी अमलात आलेलं कलम ३५७ अ, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम ३९६ आहे. गुन्हेगाराकडून दंड वसूल होवो न होवो, पीडितेच्या पुनर्वसनासाठी प्रत्येक राज्याने स्वतः निधी ठेवायचा, हे त्याचं सार. आरोपी सापडलाच नाही, तरी भरपाई मागता येते. ती शिक्षा होण्यावर अवलंबून नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

राज्याराज्यांच्या रकमांत मोठी तफावत होती. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेला) देशभरासाठी एक योजना करायला लावली. ती २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तिच्यात बलात्कारासाठी किमान ४ लाख आणि कमाल ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी किमान ५ लाख आणि कमाल १० लाख असं ठरलं. महाराष्ट्रात त्याआधीपासून, २ ऑक्टोबर २०१३ पासून, 'मनोधैर्य' योजना आहे. २०१७ मध्ये तिच्यात बदल होऊन कमाल रक्कम १० लाखांवर गेली आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. हे प्राधिकरण साधारणपणे जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

राष्ट्रीय योजनेप्रमाणे ४ लाख मंजूर झाले, तर सगळे एकदम हातात येत नाहीत. २५ टक्के म्हणजे १ लाख वापरायला मिळतात. उरलेले ३ लाख किमान तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत, त्यांचं व्याज दर महिन्याला बचत खात्यात. पीडिता अल्पवयीन असेल तर ८० टक्के रक्कम ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहते. शिक्षण, औषधोपचार अशा तातडीच्या कारणासाठी आधी काढायची सोय आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. यामागचा हेतू समजतो: घरच्यांनी किंवा नवऱ्याने पैसे काढून घेऊ नयेत. तरीही तीस वर्षांच्या, स्वतःचं घर चालवणाऱ्या बाईला तिच्याच पैशासाठी कारण सांगत उभं करणं मला पटत नाही. तिला गाव सोडून दुसरीकडे खोली घ्यायची असेल, तर अनामत आजच भरावी लागते.

वेळेबद्दल कायदा स्पष्ट आहे. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करून भरपाई द्यायची. तोवर तातडीची अंतरिम मदत देता येते. पोलिसांनी एफआयआरची प्रत स्वतःहून विधी सेवा प्राधिकरणाला पाठवायची आहे, म्हणजे अर्जाची वाट बघत बसायची गरज पडू नये. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, २०२० चे नियम आणखी पुढे गेलेत. अन्न, कपडे, प्रवास अशा लगेचच्या गरजांसाठी बालकल्याण समिती रकमेची शिफारस करू शकते आणि ती आठवड्याभरात द्यावी लागते. विशेष न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम चुकती व्हायला हवी. वर म्हटलेला कपड्यांचा प्रश्न या एका नियमाने मुलांपुरता तरी ओळखलाय, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

मग उशीर कुठे होतो? प्राधिकरण आदेश देतं, पण पैसे राज्याच्या तिजोरीतून यायचे असतात. आदेश झाला आणि शीर्षाखाली शिल्लकच नसली, की पुरवणी मागणीची, म्हणजे विधिमंडळाकडून वाढीव रक्कम मंजूर होण्याची, वाट बघावी लागते. राज्यांना हातभार म्हणून केंद्राने निर्भया निधीतून २०० कोटींची रक्कम दिली होती, पण ती एकदाच दिलेली मदत होती. बँक खातं नसणं, आधारवरच्या नावात एक अक्षर वेगळं असणं, दवाखान्याचा कागद हरवणं, हेही रोजचे अडथळे. ते दूर करायला सोबत कुणीतरी लागतं, आणि ते माणूस म्हणजे पुन्हा तीच केस वर्कर जिचं मानधन थकलेलं आहे.

प्रौढ पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती या चौकटीत नीट बसत नाहीत. राष्ट्रीय योजना नावानेच महिलांसाठी आहे, सखी केंद्रही महिलांसाठी. पॉक्सो मात्र मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

न्यायालयांबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जलदगती विशेष न्यायालयांची योजना आली. दर न्यायालयाला वर्षाला ७५ लाख, त्यात एक न्यायाधीश आणि सात कर्मचारी धरलेले, वाटणी ६०:४०. इथेही पैसा मिळून न्यायाधीशाची जागा रिकामी असेल, तर उपयोग शून्य.

पैसा कुठून येतो यावर तो किती टिकतो ते ठरतं

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने गुन्ह्यांच्या पीडितांसाठी एक निधी उभा केला. त्यात करदात्यांचा पैसा नसतो, संघराज्याच्या न्यायालयांत गुन्हेगारांना होणारे दंड जातात. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण मोठ्या कंपन्यांशी खटल्याऐवजी तडजोडी व्हायला लागल्या, त्या रकमा दुसरीकडे वळल्या आणि निधी आटत गेला. २०२१ मध्ये कायदा बदलून तडजोडीच्या रकमाही त्यात आणाव्या लागल्या. आपल्याकडे मुख्य पैसा अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे तो दरवर्षी मंजूर होऊ शकतो आणि त्याबद्दल लोकप्रतिनिधीला जाबही विचारता येतो. मला आपली पद्धत जास्त भरवशाची वाटते, जर कुणी खरंच विचारलं तर.

विचारायचं असेल तर 'निर्भया निधीत किती कोटी आहेत' हा प्रश्न जिल्ह्यात फारसा कामाचा नाही. माहितीच्या अधिकारात किंवा आपल्या आमदारामार्फत हे विचारा: आमच्या सखी केंद्रात मंजूर पदं किती, त्यांतली भरलेली किती? कर्मचाऱ्यांना शेवटचं मानधन कोणत्या महिन्याचं आणि कोणत्या तारखेला मिळालं? शेवटचं उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवलं? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची शेवटची बैठक कधी झाली? विधी सेवा प्राधिकरणाला विचारा: भरपाईचे किती अर्ज दोन महिन्यांहून जास्त काळ पडून आहेत, आणि आदेश होऊनही पैसे न मिळालेले किती? कुणाचंही नाव मागू नका. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि या आकड्यांसाठी तिची गरजही नाही.

आणि ज्यांना मदत आत्ता हवी आहे त्यांच्यासाठी: महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. मोफत वकील आणि भरपाईच्या अर्जासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. अर्ज दिला असेल तर त्याची शिक्का मारलेली पोच घ्या, आणि तिच्यावरच्या तारखेपासून दोन महिने मोजा.